'वी' म्हणजे नेमके कोण?

गेल्या वेळी आपण इंग्रजीतल्या नामांचा विचार केला, आज सर्वनामांकडे वळू. शाळेत आपण सगळ्यांनी व्याख्या पाठ केली होती: नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. 'ही', 'शी', 'इट', 'दे' या तृतीय पुरुषी सर्वनामांना ती बऱ्यापैकी लागू पडते. आधी आलेल्या नामाकडे ती बोट दाखवतात. ते नाम कोणतं हे कळलं नाही, तर वाक्य अधांतरी राहतं.

पण 'आय'चं काय? त्याच्याआधी कुठलंही नाम यावं लागत नाही. बोलणारा कोण हे कळलं की 'आय' कळला. मग त्याच्या जागी बोलणाऱ्याचं नाव घातलं तर चालेल का?

जॉन पेरी या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७९ साली एका निबंधात स्वतःचाच किस्सा सांगितला आहे. दुकानात त्यांना जमिनीवर साखरेची रेघ दिसली. कुणाची तरी पिशवी फाटली आहे, त्याला सांगावं, म्हणून ते आपली गाडी ढकलत रेघेमागून फिरत राहिले. प्रत्येक फेरीत रेघ जाड होत गेली. शेवटी उमगलं की साखर आपलीच सांडते आहे! 'कुणीतरी सांडतंय' हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. 'मी सांडतोय' हे कळलं तेव्हाच त्यांनी थांबून पिशवी सावरली. आता समजा, एखादा माणूस स्वतःचं नावच विसरला आहे. त्याला नाव घेऊन 'अमका सांडतोय' म्हटलं, तर तो काय करणार? बघा, 'आय'चं काम नावाला जमत नाही.

आता 'वी'. त्याला आपण 'आय'चं अनेकवचन म्हणतो. पण सहसा बोलणारा एकच असतो, तो इतरांना सोबत घेतो. कुणाला? मराठीत 'आम्ही जेवायला निघालोय' म्हटलं तर ऐकणारा बसून राहतो, 'आपण जेवायला निघालोय' म्हटलं की उठतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'वी'च. समोरचा त्यात आहे की नाही, हे संदर्भावरून ओळखायचं.

हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. १७८७ साली लिहिलेली अमेरिकेची राज्यघटना 'वी' या शब्दानेच सुरू होते. गुलाम म्हणून राबणाऱ्यांना त्या 'वी'मध्ये जागा नव्हती. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती आली १८६५ साली. स्त्री म्हणून मत नाकारता येणार नाही, हे घटनेत आलं १९२० साली. सुरुवातीचा शब्द मात्र तोच राहिला. बदललं ते एवढंच, की त्यात कोण कोण मोजलं जातं.

म्हणून इंग्रजी भाषणात, जाहिरातीत, करारात 'वी' दिसला की क्षणभर थांबावं आणि विचारावं: हा 'आम्ही' आहे की 'आपण'? 'आपण' असेल, तर आपल्या वतीने दुसराच कुणीतरी बोलतोय.

पुढच्या वेळी 'यू'कडे वळू. तो 'तू' आहे की 'तुम्ही', हा प्रश्न तिथे उभाच आहे.