हिऱ्यातला दोष, पीएचडीची वाट

हिरा जितका निर्दोष तितका मोलाचा, हा जवाहिऱ्याचा हिशेब. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या क्वांटम संशोधकांना मात्र हिऱ्यातला एक विशिष्ट दोषच हवा असतो. कार्बनच्या जाळीत एका अणूची जागा रिकामी राहते आणि तिला लागून नायट्रोजनचा अणू बसतो. या जोडीला ‘एनव्ही सेंटर’ म्हणतात. त्यावर हिरवा लेझर सोडला की लाल प्रकाश बाहेर पडतो. सोबतीला २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की तो लाल प्रकाश किंचित मंदावतो. जवळपास चुंबकीय क्षेत्र असेल तर मंदावण्याची ही वारंवारता सरकते, एका मिलिटेस्लाला सुमारे २८ मेगाहर्ट्झ इतकी. ती किती सरकली ते मोजले की क्षेत्र कळले. अनेक क्वांटम उपकरणांना कडाक्याची थंडी लागते. हे काम खोलीच्या तापमानालाही होते, म्हणून ते जिवंत पेशींजवळही करता येते.

मज्जापेशीतून संदेश धावतो तेव्हा विद्युतभारित कणांचा प्रवाह वाहतो आणि प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्र येतेच. पण ते पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी क्षीण असते. २०१६ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी एका समुद्री कृमीच्या जाडजूड मज्जातंतूतला असा संदेश हिऱ्याच्या साहाय्याने टिपला, तोही तंतूत सुई न खुपसता. सस्तन प्राण्यांच्या बारीक मज्जापेशींपर्यंत जायचे तर संवेदनक्षमता बरीच वाढवावी लागेल.

पीएचडीचे विषय दडले आहेत ते इथेच. लेझरच्या गोंगाटातून इवलासा संकेत वेगळा काढणारे सर्किट कोण रचणार? पेशींना चटका न बसता मायक्रोवेव्ह पोचवणारा अँटेना कसा असावा? हिऱ्यावर ठेवलेली ऊती जिवंत कशी राखायची, आणि मिळालेल्या चुंबकीय नकाशावरून कोणती पेशी बोलली हे कसे ओळखायचे? पहिले दोन प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचे, पुढचे दोन मेंदूविज्ञानाचे. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला स्पिन, म्हणजे एनव्ही सेंटरमधल्या इलेक्ट्रॉनांचा अंगभूत चुंबकीय गुण, अधिक काळ नेमक्या अवस्थेत टिकवायचा कसा, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा. हेच तंत्र चिपमधले प्रवाहही पाहू शकते. त्यासाठी टीसीएस आणि आयआयटी मुंबई यांनी २०२४ मध्ये हातमिळवणी केली.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनची तरतूद सहा हजार कोटींहून अधिक आहे. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये अतिवाहक क्युबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकावर, काम चालते. मेंदूविज्ञानासाठी बेंगळुरूची आयआयएससी आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. प्रवेशाच्या वाटा गेट, नेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा अशा वेगवेगळ्या आहेत. जेआरएफची विद्यावृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे.

आपल्याकडे बारावीलाच गट पडतात आणि जीवशास्त्राची मुले गणिताला, तर इंजिनीअर पेशीला दुरावतात. आज खरी उणीव आहे ती या भिंती ओलांडणाऱ्या माणसांची. म्हणून एमएस्सी किंवा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना सांगणे एवढेच: आधी प्रश्न निवडा, मग प्रयोगशाळा, आणि संस्थेच्या नावाचा विचार शेवटी करा. मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचा, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने सर्किट जोडायला शिकावे, जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने प्रोग्रॅमिंग. पाच वर्षे एका प्रश्नाला द्यायची आहेत. तो दोन विषयांच्या सीमेवरचा असेल तर ती सत्कारणी लागण्याची शक्यता अधिक.