उडता मोर टिपताना

पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. तिथं पिसारा फुलवलेल्या मोराचे फोटो पुष्कळ निघतात, उडत्या मोराचे रेखीव फोटो मात्र फार थोडे. त्याच्या पंखांतली तांबूस पिसं उघडी पडतात ती उडतानाच! ४ ते ६ किलोचा हा पक्षी थोडंच अंतर उडतो, म्हणून कॅमेरा आधीच तयार हवा.

शटर स्पीड १/२००० सेकंद ठेवा. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. ऑटोफोकस हलत्या विषयामागे सतत धावणारा निवडा आणि बिंदू मानेवर धरा, नाहीतर तो पिसाऱ्यावर घसरतो. जड पक्षी सहसा वाऱ्याला सामोरे झेपावतात, तेव्हा वारा आपल्या पाठीवर असावा. भर दुपारी माळावरची तापलेली हवा थरथरते. भारी लेन्सही तिथं हरते.

मोराला दगड मारून उठवू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. पहाटे तो झाडावरून उतरतो, संध्याकाळी वर जातो, तेवढी वाट पाहावी. पावसाळा सरता सरता पिसारा गळतो, म्हणून पूर्ण पिसाऱ्यासाठी जून-जुलै गाठा.