आधी कापड ओळखा, मग मशीन घ्या

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट छापणाऱ्यांकडे झुंबड उडते. ते पाहून या धंद्यात उतरणारा पहिल्यांदा विचारतो, मशीन कोणतं घेऊ? रसायनशास्त्र मात्र आधी वेगळंच विचारतं: छापायचं कॉटनवर की पॉलिस्टरवर?

सब्लिमेशनमध्ये डिस्पर्स प्रकारचा रंग आधी कागदावर छापतात. हीट प्रेसखाली साधारण 200 अंश सेल्सिअसला तो आरतीतल्या कापरासारखा वितळायच्या भानगडीत न पडता थेट वायू होतो. त्याच उष्णतेने पॉलिस्टरच्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात, वायू आत शिरतो आणि कापड थंड झालं की तिथेच अडकतो. वर थर नाहीच, मग सोलणार काय? क्रिकेटच्या जर्सीवरची छपाई बोटांना लागत नाही ती यामुळेच. कॉटनचं सेल्युलोज मात्र या रंगाला थारा देत नाही. चार धुण्यांत चित्र फिकट होतं. शिवाय ही शाई पारदर्शक, तिच्यात पांढरा रंगच नाही, म्हणून काळ्या कापडावर ती निरुपयोगी.

गंमत अशी की तापल्यावर वायू होण्याचा रंगाचा हाच गुण दुसरीकडे घात करतो. लाल पॉलिस्टर जर्सीवर स्क्रीन प्रिंटिंगने पांढरा नंबर छापा. नेहमीची प्लास्टिसॉल शाई पक्की व्हायला सुमारे 160 अंश लागतात. तेवढ्या तापात कापडातलाच लाल रंग उडून शाईत शिरतो आणि नंबर गुलाबी होतो; कधी तर माल गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर! यावर उपाय म्हणजे कमी तापमानाला पक्की होणारी शाई किंवा खाली रंग अडवणारा थर.

कॉटनवर एकाच रंगाचे पाचशे नग असतील तर स्क्रीनला तोड नाही. पण दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे दहा नगांसाठी ती महागच पडते.

तिथे डीटीएफ कामाला येतं. फिल्मवर छापायचं, चिकट पावडर वितळवायची, मग प्रेसने कापडावर चिकटवायचं. कॉटन, पॉलिस्टर दोन्ही चालतात. मोठं चित्र मात्र अंगावर प्लास्टिकसारखं वाटतं, घाम आत कोंडतो. डोकेदुखी पांढऱ्या शाईची. तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड, म्हणून तो तळाशी बसतो. मशीन चार दिवस बंद राहिलं की हेड चोक होतो, आणि हेड स्वस्त नसतो.

रोजचं काम नसेल तर हे मशीन घेऊच नये, असं माझं मत. फक्त हीट प्रेस घ्या, डीटीएफ मीटरच्या भावाने बाहेरून छापून आणा, मोठी एकरंगी ऑर्डर स्क्रीनवाल्याला द्या. आणि ‘प्युअर कॉटन’ या लेबलावर विसंबू नका. शिवणीतला नको, कापडाचाच एक धागा काढून जाळा: जळत्या कागदाचा वास आला आणि मऊ राख उरली तर कॉटन, वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे.