सौदा करण्यापूर्वी आणि सौदा करताना

सोयाबीनची मळणी आटोपून पोती ओसरीवर रचली गेली, की दोन-चार दिवसांतच खरेदीदाराचे वाहन गावात येते. काटा त्याच्याजवळ असतो व रोकडही असते. शेतकऱ्याजवळ चार महिन्यांचे कष्ट पोत्यांत भरलेले असतात. आणि कृषि सेवा केंद्राची उधारी, हरभऱ्याचे बियाणे व मुलांच्या शिक्षणाचा खर्च ही सर्व देणी नेमकी त्याच सुमारास दारात उभी राहतात. अशा वेळी ओसरीवर जे दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे होते, त्यावर वर्षाच्या उत्पन्नाचा बराच भाग अवलंबून असतो. पीक वाढविण्याच्या शास्त्राविषयी आपण पुष्कळ वाचतो. या दहा मिनिटांच्या तयारीविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते.

सौदा हे बोलघेवड्या माणसाचे काम आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. मितभाषी शेतकरीही उत्तम सौदा करू शकतो. मात्र ‘या भावाने माल द्यावयाचा नाही’ असे म्हणण्याची सोय त्याने आधी करून ठेविलेली असली पाहिजे. ही सोय बोलण्याच्या वेळी निर्माण होत नाही. ती घरी, हिशेबाच्या वहीवर तयार करावी लागते.

समजा, एखाद्या शेतकऱ्याजवळ २० क्विंटल सोयाबीन आहे. जवळच्या बाजार समितीत त्या दिवशीचा भाव क्विंटलला ४,६०० रुपये आहे. वाहतूक, हमाली व तोलाई मिळून क्विंटलमागे १०० रुपये खर्च येतो असे धरले, तर बाजारात माल नेऊन त्याच्या हाती ४,५०० रुपये पडतील. खेडा खरेदीत ओसरीवर मिळणाऱ्या भावाची ही त्याची खालची मर्यादा झाली. यापेक्षा कमी भाव कोणी सांगितल्यास गाडी भरून बाजारात जाणे बरे. ही मर्यादा घरातील सर्वांनी, विशेषतः घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या गृहिणीने, एकत्र बसून ठरवावी आणि ती खरेदीदारास सांगू नये.

दुसरा प्रश्न सर्वच माल आज विकावयाचा काय, हा आहे. समजा, तातडीची देणी ७५,००० रुपयांची आहेत. ४,५०० च्या भावाने ती भागविण्यास सुमारे १७ क्विंटल विकावे लागतील. परंतु महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. ज्या बाजार समित्या ती राबवितात तेथे सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांच्या मुदतीसाठी मिळू शकते. या शेतकऱ्याने ८ क्विंटल विकले तर ३६,००० रुपये येतील. उरलेले १२ क्विंटल तारण ठेवले, तर ५४,००० रुपयांच्या मालावर ४०,५०० रुपये उचलता येतील. देणी भागली आणि १२ क्विंटल माल त्याच्याच नावे राहिला. तीन महिन्यांचे व्याज सुमारे ६०८ रुपये, म्हणजे क्विंटलला ५१ रुपये होते.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘आज देऊन टाका, उद्या भाव पडेल’ असे खरेदीदार म्हणतो तेव्हा थांबण्याचा खर्च किती हे शेतकऱ्यास ठाऊक असल्यास त्याचे मन डळमळत नाही. भाव पडणारच नाही असे अर्थात कोणी सांगू शकत नाही, आणि सगळा माल अडवून धरणे हाही एक जुगारच होय. म्हणून भाग करून विकणे आम्हांस अधिक हितावह वाटते. केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत ५,३२८ रुपये जाहीर केली होती. खुल्या बाजारातील भाव आधारभूत किमतीहून खाली असताना खरेदी केंद्रावर नोंदणी करून आपली पाळी येईपर्यंत थांबता येणे, यातच तारण कर्जाचा मोठा उपयोग आहे.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळू. खरेदीदार बहुधा भावावर फार घासाघीस करीत नाही. भाव मान्य करून तो वजनात कडता लावतो. आणि शेतकरी भाव मिळाल्याच्या समाधानात तिकडे दुर्लक्ष करतो. ओलाव्याचेच उदाहरण घ्या. सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. माल १४ टक्के ओला निघाल्यास खरेदीदाराने काही वजन कमी धरणे न्याय्य आहे, पण किती? शंभर किलो ओल्या मालात ८६ किलो कोरडा भाग असतो. १२ टक्के ओलाव्यावर तेवढ्याच कोरड्या भागाचे वजन सुमारे ९७.७३ किलो भरेल. म्हणजे क्विंटलला सव्वादोन किलोंच्या आसपास घट योग्य होय. एका टक्क्यास दोन किलो या हिशेबाने कोणी चार किलो कापले, तर २० क्विंटलवर सुमारे ३५ किलो माल फुकट गेला. ४,५०० च्या भावाने ते दीड हजारांहून अधिक रुपये होतात. माल आधीच नीट वाळविला व मातेरे काढून टाकले तर हा वादच उद्भवत नाही.

बोलणे साधारणतः असे व्हावे. खरेदीदार म्हणतो, “मामा, माल ओला आहे, चार किलो कडता धरावा लागेल.” त्यावर “आमचा माल कोरडाच आहे” असा वाद घालण्याऐवजी म्हणावे, “शेठ, ओलावा मोजायचे यंत्र लावा. जो आकडा निघेल त्याचा हिशेब आपण दोघे मिळून करू.” आवाज चढविण्याचे कारण नाही. कारण विचारावे, मोजमाप मागावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. हे गप्प बसणे पुष्कळांना जमत नाही. शांतता असह्य होऊन ते स्वतःच भाव उतरवितात.

भाव, कडता, बारदानाचे वजन, हमाली कोणी द्यावयाची आणि पैसे केव्हा मिळावयाचे, या सर्व बाबी एकदमच समोर मांडाव्यात. एका बाबीत सवलत दिल्यास दुसरीत मागावी. पैसे आजच मिळणार असतील तर भावात दहा-वीस रुपये सोडण्यास हरकत नाही. पंधरा दिवसांच्या उधारीवर मात्र चढा भाव सांगितला गेला तरी भुलू नये. परवाना नसलेल्या अनोळखी खरेदीदारास उधारीवर माल देऊन वर्षाचे उत्पन्न गमावलेली कुटुंबे आपल्या खेड्यांत आहेत.

व्यापारी हा शत्रू नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यालाही गाडी रिकामी परत नेणे परवडत नाही, आणि चोख माल देणाऱ्या शेतकऱ्याकडे तो पुन्हा येतो. पूर्वी खरेदीदार व अडत्या रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राही. उघड लिलाव, खरे वजन व चुकते पैसे यांसाठीच नियंत्रित बाजार निघाले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली असा कापसाचा बाजार सुरू झाला, १८९७ साली तेथे कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याचा अधिनियम १९६३ चा आहे. लिलावात पुकारलेला भाव न पटल्यास माल न देण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. तो वापरणारे थोडे, कारण माल परत नेण्याचे भाडे त्यांनी हिशेबात धरलेले नसते.

दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एका मालमोटारीइतका माल जमविला, तर तेलगिरणीशीही थेट बोलता येते. अशा वेळी बोलणारा एकच असावा. ठरलेल्या मर्यादेखाली संमती देण्याचा अधिकार त्याला देऊ नये. “इतरांना विचारून सांगतो” हे त्याचे उत्तर खरे असते, आणि घाईने होकार देण्यापासून ते त्यास वाचविते. सर्वांचा माल सारख्या प्रतीचा मात्र असला पाहिजे. एका पोत्यातील डागी दाणे सगळ्या ढिगाचा भाव उतरवितात.

सौदा ठरताच हिशेबपट्टी मागावी. तीत वजन, बारदान वजा जाता निव्वळ वजन, ओलाव्याचा आकडा, भाव, प्रत्येक कपात आणि पैसे देण्याची तारीख स्वतंत्रपणे लिहिलेली असावी. रिकामे पोते काट्यावर ठेवून बारदानाचे वजन आपल्यासमक्ष करून घ्यावे. काही नोंद राहिली असल्यास ती गाडी हलण्यापूर्वीच लिहून घ्यावी व खाली खरेदीदाराची सही घ्यावी.