शब्दांची सोयरीक (९) : एक ‘बा’, चार घरं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गुजराती कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, सात-आठ वर्षांचा. शाळेतून आला की जिन्यापासूनच ‘बा, ओ बा’ सुरू, आणि पदराला हात पुसत त्याची आई दारात यायची. माझं आजोळ मिरजेकडचं. तिथे शेतावरच्या गड्याची पोरं ‘बा’ म्हणाली की बाप वळून बघायचा. त्यामुळे या घरात हाक वडिलांना जाते आणि ओ आई देते, वडील दुकानात असतात म्हणून असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. पुढे एका सुट्टीत मिरजेच्या बाजारात एक कानडी भाजीवाली पलीकडच्या बाईला ‘बा इल्ली’ म्हणून ओरडली. तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. तिथे ना बाप होता, ना आई. ती तिला नुसती ‘इकडे ये’ म्हणत होती.

मागच्या आठवड्यात आपण ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ पाहिले. हिंदीत शिक्षा घेतली की माणूस पदवीधर होतो, मराठीत झाली की तुरुंगात जातो. तरी दोन्ही ‘शिक्षा’ संस्कृताच्या एकाच घरातल्या. शिकवण्यापासून अद्दल घडवण्यापर्यंतची वाट आपल्या ‘धडा शिकवणे’त अजून दिसते. ते सख्खे भाऊ, फक्त वेगळे झालेले. आजचे शब्द तसे नाहीत. यांतले बरेचसे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवलेल्या तोतयाच्या जातीचे आहेत. चेहरा मिळतो, रक्त मिळत नाही.

‘बा’ शहरी मराठीतून जवळजवळ गेला. देवांनी मात्र त्याला सोडलेलं नाही. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, जोतिबा. संतांत ज्ञानोबा, तुकोबा. प्रत्येकाच्या शेपटाला तो वडीलधारा ‘बा’ आहे. पलीकडे गुजरातेत तोच कस्तुरबांच्या नावात आहे. मूळ नाव कस्तुर, ‘बा’ मागून लागलेला, आणि आश्रमात तर त्या नुसत्या ‘बा’. सौराष्ट्रातल्या राजपूत घराण्यांत बायकांच्या नावांना तो आजही लागतो. म्हणजे विठोबा आणि कस्तुरबा ही नावं एकाच साच्यात घडल्यासारखी दिसतात, पण शेवटच्या अक्षरात एकीकडे बाप आहे आणि दुसरीकडे आई. वारकऱ्यांना यात काही अडचण वाटायची नाही; ते विठोबालाच माउली म्हणतात.

आई-बापांसारखी ढळढळीत वेगळी माणसं एका अक्षरात कशी मावली? याचं उत्तर पाळण्यात आहे. बाळाच्या पहिल्या आवाजांत ओठांनी होणारे प, ब, म हे आवाज असतात. ‘बा बा’ म्हणताना त्याच्या मनात कोणी नसतं. ‘मलाच हाक मारली’ असं ठरवतो तो जवळचा मोठा माणूस. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली छापलेल्या निबंधात हेच मांडलं. मरडॉक या मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आईसाठीचे ५३१ आणि वडिलांसाठीचे ५४१ शब्द गोळा केले होते. त्यांत आईच्या शब्दांपैकी ५५ टक्के म, न अशा अनुनासिकांचे निघाले, वडिलांच्या शब्दांपैकी जेमतेम १५ टक्के. दूध पिताना तोंड गुंतलेलं असतं, आवाज निघतो तो नाकातून, आणि तो ‘म’च्या जवळचा असतो, असं याकबसनचं म्हणणं. पण हा कल झाला, नियम नव्हे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क बाप, आणि आईला म्हणतात ‘देदा’. आपल्या मामांना तिथे एकदम बढतीच मिळते. (आणि आपल्या ‘आई’त म-न काहीच नाही, हेही लक्षात घ्या.)

भाजीवालीचा ‘बा’ मात्र पाळण्यातला नाही. तमिळमध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या ‘व’चा कन्नडात ‘ब’ झाला, म्हणून तिथे ‘बा’. आदराने बोलवायचं तर ‘बन्नी’, बेळगाव-धारवाडकडे ‘बर्री’. तेलुगूत साधं ‘ये’ म्हणजे ‘रा’. त्याचं आदरार्थी रूप मराठी कानाला असं काही ऐकू येतं की ते इथे छापत नाही. हैदराबादला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

चौथं घर भोजपुरीचं. तिथे ‘बा’ म्हणजे ‘आहे’. संस्कृतातलं ‘वर्तते’ झिजत झिजत ‘बाटे’ झालं, आणि पुढे ‘बा’ एवढंच उरलं. आपल्या ‘वर्तमानपत्रा’त जो ‘वर्त’ आहे, तोच हा. मुंबईतला भोजपुरी टॅक्सीवाला सोबत्याला ‘का बा?’ म्हणतो तेव्हा तो ‘काय आहे?’ एवढंच विचारत असतो. मराठी कानाला ते ‘का रे बाबा?’ असं लागतं. गंमत म्हणजे दोन्ही अक्षरं ओळखीची आणि दोन्हींचे अर्थ चुकलेले.

ही टक्कर टळणारी नाही, हे बाराखडीच सांगते. चौतीस व्यंजनं धरली आणि अं-अः सोडून दहा स्वर लावले तर एकाक्षरी साचे होतात तीनशे चाळीस. अत्यंत वापरातले शब्द झिजून याच साच्यांत येऊन पडतात, कारण रोज हाताळलेलं नाणंच गुळगुळीत होतं. शेजारच्या भाषेकडेही साधारण हेच साचे. म्हणून माझा ठोकताळा असा : शब्द जितका तोकडा, तितकं त्याच्या साम्यावर कमी विसंबावं. ‘शिक्षा’ दोन भाषांत सापडली तर नातं शोधावं. ‘बा’ सापडला तर आधी संशय घ्यावा.

नामांत चूक झाली तर निदान हसू तरी येतं. प्रत्ययात झाली तर कळतसुद्धा नाही. गुजरातीतला ‘ने’ घ्या. ‘रामने मार्यो’ हे मराठी माणसाने ऐकलं की तो रामाला मारकुटा ठरवून मोकळा होतो. पण गुजराती ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. मार रामाने खाल्लेला असतो. मारणारा असेल त्याला गुजरातीत ‘ए’ लागतो : ‘रामे श्यामने मार्यो’ म्हणजे रामाने श्यामला मारलं. फिर्यादीचा आरोपी करायला एवढं एक अक्षर पुरतं. माझ्या मते शेजारच्या भाषेचा कोश विकत घेण्याआधी तिचे विभक्ती-प्रत्यय पाठ करावेत, तेच जास्त उपयोगी.

दुसरा असाच ‘छे’. मराठी माणूस ‘छे!’ म्हणाला की समोरच्याचं म्हणणं धुडकावलं. गुजराती माणूस ‘छे’ म्हणाला की वस्तू दुकानात आहे. प्राकृतातल्या ‘अच्छइ’चं ते उरलेलं टोक; बंगालीतला ‘आछे’ही त्याचाच. आपला ‘छे’ हा नुसता उद्गार आहे, त्याला वंशावळ शोधत बसू नये.

संशय घ्यावा म्हटलं, पण एक अपवाद सांगितलाच पाहिजे. गुजरातीत दोनला ‘बे’ म्हणतात, आणि पाढे म्हणताना आपणही ‘बे एके बे’च म्हणतो. हे नातं खरं आहे. दोन्ही संस्कृत ‘द्वे’चे वारस. पण म्हणून मराठीतला प्रत्येक ‘बे’ या घराण्यातला समजू नका. ‘बेचाळीस’मधला ‘बे’ दोन मोजतो, ‘बेचव’मधला ‘बे’ फारसीतून आला आहे आणि तो चव काढून घेतो.

पुढच्या आठवड्यात ‘का’, ‘की’ आणि ‘तो’ या हिंदी-मराठीच्या त्रिकुटाकडे वळू. तोवर सीमाभागातल्या, बडोद्या-इंदूरच्या आणि गोव्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारात एका अक्षराने घोटाळा केला असेल, तर तो कळवा. कोण कोणाला काय म्हणालं आणि ऐकणाऱ्याने काय समजून घेतलं, दोन्ही लिहा.