युकुलेलेच्या तारा आणि लोहचुंबक

भाचीने इलेक्ट्रिक युकुलेले घेतला. पोलादी तारा बोटांना टोचतात म्हणून तिने त्या काढून नायलॉनच्या चढवल्या, सूर लावला, केबल जोडली. स्पीकरमधून नुसती घरघर! वाद्य बिघडलं नव्हतं; पिकअपची जात आणि तारांची जात जुळत नव्हती.

‘इलेक्ट्रिक’ या एका नावाखाली दोन निराळी वाद्यं विकली जातात. एकात तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या घोडीवरच्या पट्टीखाली पायझो पिकअप बसवलेला असतो. तारेची थरथर घोडीवर दाब टाकते आणि त्या दाबातून पायझो वीज निर्माण करतो. तार कशाची आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसऱ्यात इलेक्ट्रिक गिटारसारखा चुंबकीय पिकअप असतो: चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते. नायलॉन कितीही जोरात छेडा, चुंबकाला त्याचा पत्ताच लागत नाही. नायलॉनवर तांब्याचं वेटोळं असलेल्या तारेचंही तेच.

म्हणून आधी आवाज ठरवा. युकुलेलेचा ओळखीचा गोड आवाज मोठा करून हवा असेल, तर पायझो घ्या; इलेक्ट्रिक गिटारसारखा हवा असेल, तर चुंबकीय. पायझोसोबत प्रीअ‍ॅम्प असेल तर उत्तम, नाहीतर थेट मिक्सरला जोडल्यावर आवाज किरटा येतो. मग वाद्याचं अंग बघा. पोकळ खोक्याचं वाद्य मंचावर मोठ्या आवाजात शिट्टी मारू लागतं, भरीव लाकडाचं सहसा मारत नाही. शिवाय भरीव वाद्यावर हेडफोन लावून रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी भरीवच सुचवेन.

पायझोवाल्याने नायलॉन घ्यावी की फ्लोरोकार्बन? फ्लोरोकार्बन नायलॉनच्या साधारण दीडपट घन असतं. त्यामुळे त्याच सुराला, त्याच ताणाला तार सुमारे 20 टक्के बारीक चालते आणि आवाज खणखणीत येतो. नायलॉन मऊ, किंचित गोलसर. दोन्ही नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, सूर उतरतो. धीर धरून पुन्हापुन्हा लावायचा.

चुंबकीय पिकअपच्या टेनर आकाराच्या वाद्यासाठी मात्र युकुलेलेच्या तारा शोधत बसू नका. टेनरवर तारेची वाजती लांबी सुमारे 17 इंच. तिथे इलेक्ट्रिक गिटारच्या नेहमीच्या 10-46 सेटमधल्या (हे आकडे तारांच्या जाडीचे) 10, 13 आणि 17 या तारा अनुक्रमे ए, ई आणि सी या सुरांना लावल्या, तर प्रत्येकीवर 12-13 पौंडांचा जवळजवळ सारखाच ताण येतो. वरच्या जीसाठी 11 ची एक सुटी तार घ्यावी लागते. खालचा जी हवा असेल तर त्याच सेटमधली 26 ची वेटोळ्याची तार चालते. गिटारच्या तारेच्या टोकाला धातूचा मणी असतो. तो अडकायला वाद्यात जागा आहे ना, हे आधी बघा.

साध्या लाकडी युकुलेलेवर मात्र पोलादी तारा कधीही चढवू नका. त्याची पातळ फळी नायलॉनच्या ताणासाठी केलेली असते. ती फुगते, घोडी उखडते.

दुकानात जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि तारेजवळ धरा. तार ओढली गेली नाही, तर ती चुंबकीय पिकअपच्या कामाची नाही.