पत्ता बदलला तरी वाट चुकू नये



राजुरा तालुका पूर्वी आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात गेला. निर्मळ, मंचेरियाल व आसिफाबाद ही ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निराळ्या जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे झाली. यांतील एकही गाव जागचे तसूभर हलले नाही. बदलला तो केवळ पत्ता. अशा वेळी जुन्या पत्त्याचे पत्रही पोस्टमन बरोबर पोहोचवतो, कारण त्याला गाव ठाऊक असते. संगणकाला असे काहीच ठाऊक नसते.

याचा अनुभव मला गतवर्षी आला. शाळेच्या संकेतस्थळाची मांडणी मी हौसेने बदलली व दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका नव्या ठिकाणी हलविल्या. घरून अभ्यास करणाऱ्या एका मुलीने जुना पत्ता वहीत उतरवून ठेवला होता. तिला तेथे ‘४०४’ एवढाच अंक दिसला, म्हणजे ‘पान सापडत नाही’. प्रश्नपत्रिका काढून टाकल्या असाव्यात असे समजून ती बिचारी गप्प बसली.

यावर उपाय आहे तो कायमच्या पुनर्निर्देशनाचा. जुना पत्ता विचारला असता सर्व्हरने ‘३०१’ हा अंक व नवा पत्ता कळवावयाचा. पुढचे काम ब्राउझर आपण होऊन करतो. ‘३०२’ म्हणजे तात्पुरते स्थलांतर. ३०१ हे उत्तर ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणून प्रथम ३०२ लावून पाहावे व खात्री पटल्यावरच ३०१ करावे, हे शहाणपणाचे.

आता शाळांना स्वतंत्र सर्व्हर कोठून परवडणार? एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे चाळीतल्या बिऱ्हाडांप्रमाणे नांदतात. चाळीची मुख्य पाटी भाडेकरूला बदलता येत नाही. पण स्वतःच्या दारावर चिठ्ठी लावता येते. ‘अपाची’ या १९९५ पासून चालत आलेल्या सर्व्हर-प्रणालीत ही चिठ्ठी म्हणजे ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाईल. मालकाने मात्र तशी मुभा दिलेली हवी. तीत एकच ओळ लिहावयाची: ‘रिडायरेक्ट’ हा शब्द, ३०१ हा अंक, तिरप्या रेघेने सुरू होणारा जुना मार्ग आणि शेवटी नवा संपूर्ण पत्ता.

ओळ लिहिताना एखादे अक्षर चुकले तर सारे संकेतस्थळच ‘५००’ हा अंक दाखवून बंद पडते. तेव्हा मूळ फाईलची प्रत आधी काढून ठेवावी. दुसरा फसवा भाग असा की, ही आज्ञा जुन्या मार्गाच्या पोटातील सर्व पानांनाही लागू होते. ‘निकाल’ या मार्गावरून ‘निकाल’च्याच पोटातील ‘नवे’ या पानाकडे पाठविले, तर तेही पुन्हा पुढे ढकलले जाते आणि ब्राउझर घाण्याच्या बैलासारखा फिरून अखेर हात टेकतो. शिवाय संकेतस्थळाचे नावच बदलले असेल, तर जुन्या नावाचे वार्षिक शुल्क भरत राहावे लागते. दारच दुसऱ्याचे झाले तर चिठ्ठी लावावयाची कोठे?

त्या मुलीच्या वहीतील पत्ता आता नीट उघडतो. तिची परीक्षा मात्र तोवर होऊन गेली होती.